वाफेचा भाव फलकावर लावा

सोयाबीनची काढणी आली की हिंगोली जिल्ह्यात दोन यंत्रं रात्रंदिवस चालतात. एक शेतात, एक दवाखान्यात. पहिलं धूळ उडवतं, दुसरं त्या धुळीची पावती फाडतं.

मग हळदीचा नंबर. उकडा, वाळवा, ढोलात घालून पॉलिश करा. वसमतच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं, सत्कार झाले, फेटे बांधले. ढोलाशेजारी नाकाला पदर लावून उभ्या राहणाऱ्या बाईच्या खोकल्याला मात्र अजून कुणी फेटा बांधलेला नाही.

घरात चूल असेल तर विचारूच नका. तिला हंगाम नसतो.

खोकला, धाप, छातीत घरघर. गावातल्या डॉक्टरची सुई होते, सलाईन होतं, आणि रात्री अकराला जीप तालुक्याकडे निघते. तिथं वाक्य ठरलेलं असतं, ‘वाफ द्यावी लागेल.’

द्या की! धापा टाकणाऱ्या माणसाला वाफ नको म्हणेल असा करंटा कोण? भांडण वाफेशी नाहीच. दहा मिनिटांत वाफ संपते, माणूस उठून बसतो, चहा मागतो. खरी धाप लागते ती डिस्चार्जच्या दिवशी.

तर या वाफेत असतं काय? मुख्यतः सालबुटामॉल. १९६९ साली ब्रिटनमध्ये बाजारात आलेलं औषध. पेटंट संपून जमाना लोटला. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत त्याचं नाव आहे, म्हणजे कमाल किंमत सरकार ठरवतं. नेहमीचा डोस अडीच मिलिग्रॅम. एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम असलेल्या द्रावणातून तो काढायचा तर अर्धा मिलिलिटर पुरतो. वर सलाईन, म्हणजे चक्क मिठाचं पाणी. पंधरा मिलिलिटरच्या इवल्याशा बाटलीत असे तीस डोस बसतात.

बिल मात्र त्या बाटलीत बसत नाही.

औषध इतकं स्वस्त की कंपन्यांनी सरकारकडे रड लावली, परवडत नाही हो! ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं आठ औषधांच्या अकरा प्रकारांची कमाल किंमत थेट ५० टक्क्यांनी वाढवली. त्यात सालबुटामॉलच्या गोळ्या होत्या आणि नेब्युलायझरचं, म्हणजे वाफेच्या यंत्राचं, हे द्रावणही. ‘दम्याचं औषध महागलं’ म्हणून ओरड झाली. झालीच पाहिजे. पण निम्म्यानं वाढून वाढून ती किंमत गेली कुठवर? चहा-पोह्याच्या आसपास. ज्या ओळीनं घर बसतं, ती ओळ बिलात खाली असते. तिच्यावर ओरडायला तेव्हाही कुणाला सुचलं नाही.

ती ओळ वाचा. ‘नेब्युलायझेशन चार्जेस’.

हे चार्जेस कशाचे? औषधाचे? नाही, औषध मेडिकलच्या बिलात आलं. मास्क आणि नळीचे? नाही, ‘नेब किट’ तिथंच लागलं. ऑक्सिजनचे? त्याचा हिशेब तासावर, वेगळा. सिस्टरच्या हातांचे? ‘नर्सिंग चार्जेस’ रोजचे आहेत. विजेचे, जागेचे? ते खाटेच्या भाड्यात. मग उरलं काय? बटण!

बटण दाबण्याचे पैसे. प्रत्येक वेळी.

आता यातली गंमत बघा. औषधाला सरकारी कमाल किंमत आहे. नेब्युलायझर हे यंत्रही सुटलं नव्हतं. २०२१ च्या जुलैत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, ऑक्सिमीटर, बीपीचं यंत्र, थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि नेब्युलायझर या पाच वस्तूंवरच्या व्यापारी नफ्याला केंद्रानं काही काळापुरती ७० टक्क्यांची मर्यादा घातली. तेव्हा बाटलीला लगाम, यंत्राला लगाम. त्या बाटलीतलं औषध त्या यंत्रात ओतलं, की दोन्ही लगाम गळून पडायचे.

दुकानात दोघं गरीब गाय. दवाखान्यात जोडी जमली की मोकाट.

बरं, बाटलीचा लगाम तरी खरा का? सरकारनं सालबुटामॉल धरलं, तर डॉक्टरच्या लेखणीतून उतरतं लिव्होसालबुटामॉल. तेच औषध, त्यातला कामाचा अर्धा भाग वेगळा काढलेला. सोबतीला इप्राट्रोपियम, दोघं मिळून एका प्लास्टिकच्या कुपीत. मेडिकलवाले तिला रेस्प्यूल म्हणतात. लिव्होसालबुटामॉल त्या राष्ट्रीय यादीत नाही. यादीत नाही म्हणजे कमाल किंमत नाही. कंपनीनं वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत एमआरपी वाढवावी, कायदा हात जोडून उभा.

तीव्र झटक्यात इप्राट्रोपियमची जोड उपयोगी पडते, हे खरं. पण नुसतं लिव्हो साध्या सालबुटामॉलपेक्षा सरस ठरतं, असं तपासून पाहणाऱ्यांच्या हाती ठोस काही लागलेलं नाही. लागलं ते एमआरपीच्या हाती.

सरकार एक दार लावतं, कंपनी शेजारी खिडकी पाडते. आपण खिडकीतून पैसे देतो आणि दार बंद आहे म्हणून समाधान मानतो.

पुढचा प्रश्न मोजणीचा. आलेल्या झटक्यात पहिल्या तासाभरात वीस-वीस मिनिटांनी तीन वाफा देतात. ते रास्तच आहे. उतार पडला की चार-सहा तासांनी एक. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चोवीस तासांत किती व्हाव्यात? चार. फार तर सहा. बिलात दहा दिसल्या की सोबतच्या म्हातारीला प्रश्न पडतो, ‘सिस्टर, येवढ्या वाफा कवा दिल्या हो?’

‘तुम्ही झोपला होतात मावशी.’

मावशी झोपली असेलही. पण पेशंटही झोपला होता, आणि सिस्टर? तीन जणांच्या झोपेत पार पडणारा हा देशातला एकमेव उपचार.

औंढ्याजवळ लायगोची वेधशाळा उभी राहते आहे. २,६०० कोटींचा प्रकल्प, २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेला. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं धडकली तर त्यांच्या लहरी इथं टिपल्या जाणार, प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी बारीक हालचाल मोजली जाणार. याच जिल्ह्यात, एका खाटेवर, एका रात्रीत किती वाफा दिल्या हे मोजायचं यंत्र मात्र कुणाला मंजूर करता आलेलं नाही.

खरं तर लागतं काय? कॉटला अडकवलेला एक कागद. वेळ, औषध, सही. तो कागद असतोही बऱ्याच ठिकाणी. भरला जातो डिस्चार्जच्या सकाळी, एकाच पेननं, एकाच दमात.

दमा पेशंटला. दम कागदाला.

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात जाऊन बघा. कुठल्या कुठल्या गावचा शेतकरी पोती घेऊन येतो. ढीग उघडा, लिलाव उघडा, बोली उघडी. काटा समोर. भाव पडला तर शेतकरी शिव्या देतो, पण पडलेला भाव त्याला कळलेला असतो. कमाल किती, किमान किती, सर्वसाधारण किती, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं. तोच शेतकरी हळद विकून, खिशात पैसे घालून, खोकत खोकत दवाखान्याची पायरी चढतो. तिथं त्याला वाफ मिळते. भाव कळतो तीन दिवसांनी.

माल आधी घ्यायचा, तोंडात घ्यायचा, छातीत भरायचा आणि मग विचारायचं, ‘केवढ्याला?’

ही काय बोली झाली?

नियम नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. आपल्याकडे नियमांचा दुष्काळ कधीच पडला नाही, मराठवाड्यातसुद्धा नाही. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं शुश्रूषागृह नोंदणीचे सुधारित नियम काढले. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावा. मुख्य सेवांचे दर लिहून लावा. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवू नका. शेवटचा नियम लिहावा लागला, यातच सगळं आलं.

दरफलक लागले का? काही ठिकाणी लागले की. कॅलेंडरच्या मागं, वॉटर कूलरच्या वर, अशा उंचीवर की वाचायला मान वर करावी आणि धाप लागावी. काही ठिकाणी फलकावर ‘कन्सल्टेशन’ असतं, ‘खाट’ असतं. ‘वाफ’ नसते. बारीकसारीक गोष्टी कुठं लिहीत बसायच्या?

बारीकसारीक! बिलाचं पोट भरतं ते याच बारीकसारीक गोष्टींवर. २०१८ च्या फेब्रुवारीत औषध किंमत प्राधिकरणानं दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली होती. सलाईनच्या नळीला लावायची तोटी रुग्णालयाला पडली ५ रुपये ७७ पैशांना, पेशंटला लागली १०६ रुपयांना. नफा १,७३७ टक्के. मोठी शस्त्रक्रिया नव्हे, महागडं इंजेक्शन नव्हे. तोटी! आणि मोठी मौज अशी की छापील किमतीहून एक पैसा जास्त घेतलेला नाही. छापील किंमतच तशी छापून घ्यायची. एमआरपी पाहून खरेदी करा, असा ग्राहकाला सल्ला देणाऱ्यांनी यावर एकदा बोलावं.

नेबचा मास्क त्या तोटीचाच मावसभाऊ. त्याच्यावरही एमआरपी असते. ती कुणी छापली, किती पाहून छापली, हे मास्कलाच माहीत. आणि मास्कचं तोंड बंद.

‘मग बाहेरच्या मेडिकलवरून आणतो,’ असं म्हणून पाहा. चेहरे बदलतात. ‘आणा, पण काही झालं तर आमची जबाबदारी नाही.’ या एका वाक्यापुढं भले भले पाटील ढेपाळतात. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. रुग्णालयं आपल्याच दुकानातून औषधं घ्यायला भाग पाडतात, अशी याचिका होती. ४ मार्च २०२५ ला न्यायालयानं काय केलं? दुखणं ओळखलं आणि पेशंट राज्य सरकारांकडे रेफर केला. धोरण तुम्ही ठरवा म्हणाले.

रेफर करणं ही काही फक्त हिंगोलीची खासियत नाही.

त्याच वर्षी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं रुग्णालयातल्या मेडिकलना फलक लावायला सांगितलं, ‘याच दुकानातून औषधं घेणं बंधनकारक नाही.’ उत्तम. आता फलक वाचून बाहेर पडा आणि रात्री दोन वाजता तालुक्याच्या गावात उघडं असलेलं दुसरं दुकान शोधा. सापडलं तर आम्हालाही कळवा.

मनात आणलं तर सरकारला काहीच जमत नाही, असंही नाही. कोरोनात जमलं होतं. मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांचे दर ठरले. साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. मग १ जून २०२१ ला अक्कल आणखी पुढं गेली. शहरांचे तीन वर्ग केले. मुंबई-पुण्याच्या खाटेला जो दर, तो हिंगोलीच्या खाटेला कसा? नांदेड ब वर्गात, हिंगोली क वर्गात. क वर्गाला वॉर्ड २,४००, अतिदक्षता ४,५००, व्हेंटिलेटरसह ५,४००. त्या पॅकेजात तपासणी, नर्सिंग, जेवण सगळं आलं. बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवले. जादा घेतलेले पैसे परत करायला लावले.

म्हणजे बिल वाचता येतं. फक्त वाचणाऱ्याला साथ यावी लागते.

साथ गेली, लेखापरीक्षक आपापल्या कचेरीत परतले, आणि ‘चार्जेस’ची ओळ सुखरूप घरी आली. जिल्ह्याला आयुष्यात एकदाच क वर्गाचा फायदा झाला होता, तोही महामारीमुळं.

विमा आहे म्हणता? अभिनंदन. आता विम्याची गंमत. दहा मिनिटांच्या वाफेला विमा पैसे देत नाही, चोवीस तासांच्या खाटेला देतो. मग काय होतं? वाफेला खाट मिळते. खाटेला सलाईन मिळतं. सलाईनला रक्ताच्या तपासण्या मिळतात. वाफ बिचारी निमित्तमात्र.

आणि शेवटी क्लेम मंजूर होतो तेव्हा काही ओळींवर काट मारलेली असते. न मिळणाऱ्या वस्तूंची एक यादीच आहे विमा नियामकाची. कंगवा, डायपर अशा मंडळींच्या पंगतीत कोण बसलंय पाहा. नेब्युलायझर किट. मास्क. पंपाला जोडायचा स्पेसर. औषधाचे पैसे देऊ, ते छातीत पोचवणाऱ्या नळीचे तुमचे तुम्ही पाहा. भाताचं बिल मंजूर, ताट नामंजूर!

महात्मा फुले जनआरोग्य योजना? आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना, वर्षाला पाच लाखांपर्यंत. मोठी गोष्ट, नाकारायचं कारण नाही. पण ती भरती झालेल्यांसाठी. बाह्यरुग्ण विभागात बाकावर बसून, लेकराला मांडीवर घेऊन दिलेली वाफ योजनेच्या खिजगणतीत नाही. पाच लाखांचं कवच आहे, दोनशे रुपयांची वाफ रोखीनं. आणि हिंगोलीतल्या बहुतेक वाफा बाकावरच होतात.

आता जरा अमेरिकेला जाऊन येऊ. तिकडं वाफेला नंबर आहे. दवाखान्यात नेब्युलायझरनं औषध दिलं की सांकेतिक क्रमांक ९४६४०. औषधाला वेगळा क्रमांक, मास्क-नळीच्या संचाला वेगळा, घरी नेलेल्या यंत्राला वेगळा. ते क्रमांक लावायला लाखो माणसं बसलेली. त्यातली कित्येक हैदराबादेत. मराठवाड्यातली पदवीधर पोरं पूर्वी नोकरीला निजामाच्या राजधानीत जायची, आता मेडिकल कोडिंगला जातात. ओहायोतल्या आजोबांनी घेतलेल्या वाफेचा हिशेब सेनगावचं पोरगं दशांशापर्यंत चोख लावतं. सेनगावात त्याच्या आजोबांच्या बिलावर फक्त ‘इतर’ लिहिलेलं असतं.

तिकडं एक नियमही आहे. सरकारी मेडिकेअरच्या हिशेबात एका भेटीत ९४६४० एकदाच लावायचा. वाफ दोनदा द्या, चारदा द्या, बटणाचे पैसे एकदाच. हा नियम कुणी मराठीत करून आणला, तर काही ठिकाणी नुसत्या वाचनानं धाप लागेल.

म्हणून अमेरिका धुतल्या तांदळासारखी, असं समजायचं काही कारण नाही. तिथं चोरीही क्रमांक लावून होते. डे नावाची कंपनी हीच वाफेची औषधं बनवायची, सालबुटामॉल आणि इप्राट्रोपियम. सरकारी योजना कंपनीनं जाहीर केलेल्या दरावरून दुकानदारांना पैसे द्यायच्या. कंपनी दर जाहीर करायची चढा, माल द्यायची स्वस्त. मधला फरक दुकानदाराच्या खिशात. ‘आमचंच औषध घ्या, यात जास्त सुटतात,’ हा विक्रीचा मंत्र. फ्लोरिडातल्या एका छोट्या औषध दुकानानं हे फोडलं, आणि डिसेंबर २०१० मध्ये कंपनीनं २८ कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवलं.

छापील दर एक, खरेदी दर दुसरा, फरकावर धंदा. ओळखीचं वाटतंय ना? फरक एवढाच की तिथं दुकानदारानं तक्रार केली. इथं दुकानदाराला तक्रार कसली?

डॉक्टरांची बाजू ऐकायची? ऐकू या, ती खोटी नाही. कर्जाचा हप्ता आहे. वीज जाते, जनरेटर डिझेल पितो. रात्रपाळीला सिस्टर टिकत नाही, टिकली तर नांदेडला जाते. निम्मे पेशंट ‘हळद विकली की देतो’ म्हणून जातात, आणि हळदीचा भाव पडला की दवाखान्याचा रस्ताच बदलतात. तपासणी फी वाढवली तर गाव नावं ठेवतं. मग फी तेवढीच ठेवायची आणि वाढ वाफेत मुरवायची.

पटतं. अगदी पटतं. मग तसंच लिहा ना बिलावर! ‘जनरेटर डिझेल’, ‘बुडीत उधारी’, ‘सोनोग्राफीचा हप्ता’. माणूस कदाचित खुशीनं देईल. शेतकऱ्याला हप्ता कळतो, त्याच्या सात-बारावरही तो असतोच.

सरकारी दवाखाना आहे की! १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत. वाफही. तिथं बटणाचे पैसे लागत नाहीत. कधी मशीन असतं आणि मास्क नसतो, कधी मास्क असतो आणि औषध संपलेलं असतं, कधी दोन्ही असतात आणि वीज नसते. तिन्ही एका वेळी जुळून आले तर ती वाफ खासगीपेक्षा तसूभर कमी नसते. जुळून येण्याचे मुहूर्त पंचांगात दिलेले नाहीत.

हिंगोलीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं. डॉक्टर घडतील, चांगली गोष्ट आहे. त्यांना फुप्फुसाची रचना शिकवतील, औषधशास्त्र शिकवतील. बिलशास्त्र ते बाहेर पडल्यावर शिकतील, पहिल्याच नोकरीत, पहिल्याच महिन्यात.

आता सगळ्यात गैरसोयीची गोष्ट. बहुतेक वेळा ते यंत्रच लागत नाही. साधा पंप, त्याला जोडायचा स्पेसर नावाचा प्लास्टिकचा पोकळ डबा, आणि नीट शिकवलेली पद्धत. दम्याच्या झटक्यात पंप अधिक स्पेसरचा गुण नेब्युलायझरइतकाच येतो, हे कोक्रेनच्या आढाव्यानं कधीचं सांगून ठेवलंय, लहान लेकरांच्या बाबतीतही. फारच गंभीर, ऑक्सिजनला लागलेला पेशंट वेगळा, त्याला यंत्र हवंच. बाकीच्यांना? एका पंपात दोनशे फवारे. एका वेळी आठ मारले तरी पंचवीस वेळा पुरतो.

मग पंप का देत नाहीत? पंप दिला की माणूस घरी जातो. घरी गेलेल्या माणसाला नर्सिंग चार्जेस कसे लावणार?

पण सगळं खापर दवाखान्यावर फोडून आपण नामानिराळे राहायचं, हेही बरं नव्हे. पंप हातात दिला की आपलाच चेहरा पडतो. ‘याची सवय लागते म्हणे.’ ‘पंप लागला म्हणजे केस हाताबाहेर गेली.’ पोरीचं लग्न ठरायचंय, पंप घरात दिसायला नको. आणि जो डॉक्टर अर्धा तास घालवून, फवारा मारायचा कसा हे शिकवून, मोजके पैसे घेऊन घरी पाठवतो, त्याच्याबद्दल गाडीत बसता बसता निकाल लागतो, ‘ह्याला काही येत नाही. मशीनसुद्धा लावली नाही.’

दुसऱ्या दिवशी दुसरा दवाखाना. दारातूनच आवाज, ‘डॉक्टरसाहेब, ते पंपाचं नका सांगू. आधी मशीन लावा. पैशाचं बघू मागून.’

मागून बघतातच.